गुरुजींची झोप कुठे गेली

मी केंद्रप्रमुख आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आसपासच्या दहा-बारा प्राथमिक शाळांचं मिळून एक केंद्र होतं. राज्यात अशी ४८६० केंद्रं ठरवलेली आहेत आणि प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख असावा अशी रचना आहे. वरून आलेलं पत्र माझ्यामार्फत शाळेत जातं, शाळेतली अडचण माझ्यामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. माझं केंद्र रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या वाड्यांमध्ये आहे. बहुतेक शाळा द्विशिक्षकी, पट पाचपासून पंचवीसपर्यंत. शाळाभेटीत मी मस्टर, टाचण, पोषण आहाराची नोंदवही आणि मुलांचं वाचन बघते. पण अलीकडे आणखी एक गोष्ट बघते, जिच्यासाठी भेटीच्या नमुन्यात रकाना नाही. शिकवणाऱ्या माणसाचं कसं चाललंय, ही.

ते ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. जूनमध्ये लावलेला तक्ता डिसेंबरातही तसाच असतो. ज्या बाई प्रत्येक वहीत चार शब्द लिहायच्या, त्यांच्या वह्यांवर नुसती सही आणि तारीख दिसते. सोमवारच्या किरकोळ रजा वाढतात. डोकं दुखतं, पित्त उसळतं, पाठ धरते, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासण्यांत काहीच निघत नाही. गप्पिष्ट माणूस ग्रुपवर फक्त 'ओके' लिहायला लागतो. ज्यांनी कधी मुलावर आवाज चढवला नाही ते पेन्सिल पडली म्हणून ओरडतात आणि मग बराच वेळ व्हरांड्यात उभे राहतात.

एका सरांबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते. सर लातूर जिल्ह्यातले. कोकणात अशी शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत, बीड, लातूर, नांदेड, परभणीकडची. तिकडे जागा नसतात, इकडे असतात. भरतीत ही मुलं इकडे येतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट बघत त्यांची उमेदीची वर्षं जातात. सरांची बायको तिकडे एका खाजगी शाळेत शिकवते. मुलगा लहान. आई गावी, थोडं रान बटईने दिलेलं. इकडे सर वाडीतल्या एका खोलीत एकटे. शाळेत पहिली ते पाचवी मिळून अकरा मुलं. जोडीच्या बाई प्रसूती रजेवर गेल्या आणि पाचही वर्ग त्यांच्या एकट्याच्या अंगावर आले.

"अकरा पोरं, त्यात कसलं आलंय टेन्शन?" हा प्रश्न मला वाडीतल्या माणसांपासून मुंबईतल्या नातेवाइकांपर्यंत सगळे विचारतात. एका दिवसाचा हिशेब मांडते, मग बघा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला कारकून नसतो, शिपाई नसतो. कुलूप काढण्यापासून सगळं शिक्षकाकडे. पाच इयत्तांची पाच वेगळी पुस्तकं एकाच खोलीत एकाच वेळी चालवायची, याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, आणि ते नीट करायचं तर आदल्या रात्री तयारी लागते. त्याशिवाय पोषण आहाराचे तांदूळ, डाळ मोजून वहीत लिहायचे, तीच नोंद मोबाइलवर भरायची. यू-डायसची माहिती, आधारची पडताळणी, अपार आयडी, शिष्यवृत्तीचे अर्ज, गणवेशाचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, वीजबिल. उपक्रम झाला की त्याचे फोटो, फोटो टाकले की त्याची लिंक. "माहिती आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." म्हणजे काही घडलं नसेल तर काही घडलं नाही हेही कळवायचं.

आमच्या वाड्यांत रेंज नसते. ती मिळते सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. पावसाळ्यात सर एका हातात छत्री, एका हातात मोबाइल धरून सड्यावर उभे असायचे आणि खाली वर्गात पाचवीतली मुलगी पहिलीच्या मुलांची बाराखडी घेत असायची.

श्रावणात त्यांची झोप मोडायला लागली. पहाटे तीनला जाग, मग पुन्हा डोळा लागायचा नाही. मोबाइल वाजला की छातीत धडधड. डबा तसाच परत. गणपतीच्या सुट्टीत घरी गेले, बायको-मुलात राहिले, तरी तेच. परत आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, पोरं समोर बसलेली असतात, पण माझं त्यांच्याकडे लक्षच जात नाही. आधी मी असा नव्हतो हो."

त्यातली 'घरी गेले तरी तेच' ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. कामाचा शीण आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी जवळच्या असल्या तरी एक नाहीत. कामामुळे माणूस जळून रिकामा होतो त्या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, आणि क्रिस्टिना मॅसलॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची व्याख्या केली तेव्हा स्पष्ट म्हटलं की हा आजार नव्हे, कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या आणि न हाताळल्या गेलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. त्याची तीन अंगं सांगितली आहेत. सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. शिक्षकात हे दुसरं अंग दिसलं की मला सर्वांत जास्त काळजी वाटते. "काही शिकवा, ही पोरं अशीच राहणार" असं एखाद्या जुन्या, जीव लावणाऱ्या बाईंच्या तोंडून निघतं तेव्हा त्या मुलांबद्दल बोलत नसतात, स्वतःच्या थकव्याबद्दल बोलत असतात.

बर्नआउट असेल तर दिवाळीच्या सुट्टीत माणूस थोडा तरी सावरतो. नैराश्य मात्र सुट्टीतही सोबत येतं. ते घरातही असतं, जेवणातही, मुलाच्या वाढदिवसालाही. आवडीच्या गोष्टी नकोशा होतात, भूक आणि झोप बिघडते, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतं. डॉक्टर वापरतात त्या पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीत नऊ साधे प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा अधिक झाले तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल आहे, आणि त्याचं उत्तर 'कधीच नाही' याशिवाय काहीही आलं तर बाकीची बेरीज न बघता लगेच मदत घ्यायची. ही चाचणी निदान करत नाही, दार कुठे आहे ते दाखवते. सरांचे गुण अठरा आले.

आता प्रश्न असा की हे कशाने होतं. कामाने की घरच्या परिस्थितीने? वेगवेगळ्या देशांत शिक्षकांवर जे अभ्यास झाले त्यांत दोन्हीकडची कारणं येतात. कामाच्या बाजूला वर्गातली शिस्त, कामाचा भार, वरिष्ठांचा पाठिंबा, नोकरीची शाश्वती. घरच्या बाजूला लिंग, वैवाहिक स्थिती, आजारपण, आर्थिक ओढ. पण मी जे बघते त्यात या दोन वह्या वेगळ्या ठेवता येत नाहीत. सरांची बदली ही कामाची बाब की घरची? बायको दूर असणं वैयक्तिक कारण म्हणावं, तर ती दूर आहे ती नोकरीच्या नियमांमुळे.

कामाच्या ताणाबद्दल रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार मला फार उपयोगी वाटतो. त्यांचं म्हणणं असं की काम जड असलं म्हणून माणूस आपोआप मोडत नाही. काम जड, आणि ते कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे आपल्या हातात नाही, ही जोडी घातक असते. पुढे त्यात तिसरी गोष्ट मिळवली गेली, आधार: सहकारी आणि वरिष्ठ पाठीशी असतील तर हीच जोडी पुष्कळ सुसह्य होते. याच्याच जवळचा दुसरा विचार योहानेस सीगरिस्ट यांचा, १९९६ चा. माणूस जेवढं देतो त्या मानाने पैसा, मान आणि शाश्वती मिळत नसेल तर शरीर आणि मन दोन्ही आजारी पडतात.

माझ्या केंद्रातल्या शाळा या दोन कसोट्यांवर घासून बघा. पाच वर्ग एकत्र शिकवणं जड आहे, पण त्याबद्दल तक्रार करणारा शिक्षक मला क्वचित भेटतो. उलट, एखादं मूल अडखळत का होईना पहिलं वाक्य वाचतं त्या दिवशी सर स्वतः फोन करून सांगतात. शिक्षकाला शिकवण्याचा शीण कमी येतो, शिकवू न दिल्याचा जास्त. आज वर्गात काय घ्यायचं हे त्याने रात्री ठरवलेलं असतं आणि सकाळी सव्वादहाला आलेला एक मेसेज ते पुसून टाकतो. असं रोज झालं की ठरवणंच सोडून दिलं जातं, आणि ठरवणं सुटलं की माणूस आतून खचायला सुरुवात होते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं २७ वं कलम शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावायला मनाई करतं, अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. वाचताना हे अपवाद लहान दिसतात. प्रत्यक्षात मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बीएलओ झालेल्या शिक्षकाची मतदारयादी वर्षभर त्याच्या मागे असते. कोविडच्या काळात आमच्या शिक्षकांनी तपासणी नाक्यांवर रात्री काढल्या, घरोघर जाऊन ऑक्सिजन मोजला, आणि त्याच वेळी रेंज शोधत ऑनलाइन वर्गही घेतले. आपत्तीत मदत करायला कोणाचीच ना नव्हती. पण ती संपल्यावर 'तुम्ही कसे आहात' हे त्यांना विचारायला कोणी आलं नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरात बारा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू होती. त्यात महाराष्ट्र नव्हता. राजस्थान, गुजरात, केरळ, पश्चिम बंगाल इथून बीएलओंच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि त्यांत शिक्षकही होते. कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण नसतं, पण कुटुंबीयांनी कामाच्या दडपणाकडे बोट दाखवलं. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की जादा माणसं द्या, कामाचे तास कमी होतील असं बघा आणि आजारपण, गरोदरपण अशा कारणांनी सूट मागणाऱ्यांचा स्वतंत्रपणे विचार करा. आमच्या ग्रुपवर त्या बातम्या फिरत होत्या तेव्हा कोणी काही लिहीत नव्हतं, नुसते हात जोडलेले दिसत होते.

शाश्वतीचं म्हणाल तर शिक्षकाची नोकरी म्हणजे कायमची आणि निवांत, ही समजूत जुनी झाली. नवीन लागलेला उमेदवार तीन वर्षं शिक्षणसेवक असतो. प्राथमिकचं मानधन बरीच वर्षं सहा हजार होतं, २०२३ पासून सोळा हजार झालं. नांदेडहून आलेल्या मुलाने त्यात खोलीभाडं भरायचं, एसटीने गावी जायचं, घरी पैसे पाठवायचे. विनाअनुदानित शाळांत तर टप्पा अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षं नाममात्र पैशांत शिकवलेली माणसं आहेत. त्यांतली कितीतरी शाळा सुटल्यावर दुसरं काम करतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या बहुतेकांना जुनी पेन्शन नाही, आणि मार्च २०२३ च्या संपात ती भीती रस्त्यावर दिसली. पट घटला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजन होईपर्यंत जीव टांगणीला. म्हणून आमच्याकडे पहिलीत दाखल होणाऱ्या एकेका मुलासाठी शिक्षक वाडी-वाडी फिरतात. मुंबईला कुटुंब निघालं की एक मूल जातं आणि त्याबरोबर कोणाची तरी झोप.

त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी उत्तीर्ण व्हायची, नाहीतर सेवा सोडावी लागेल. ज्यांना पाच वर्षांहून कमी राहिली त्यांची नोकरी टिकेल, पण टीईटीशिवाय बढती नाही. गुणवत्तेचा आग्रह मला मान्य आहे. पण ज्यांनी त्या काळच्या सगळ्या अटी पूर्ण करून नोकरी मिळवली, दोन पिढ्यांना वाचायला शिकवलं, त्या पन्नाशीच्या बाई रात्री अकराला स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुस्तक ठेवून दीडशे गुणांच्या परीक्षेचा अभ्यास करताना मी पाहिल्या आहेत. नापास झालो तर आपल्याच माजी विद्यार्थ्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्यांचा रक्तदाब चढला होता. परीक्षेपेक्षा ही लाज जड असते.

आता घराकडे येते. बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत शिक्षिकांमध्ये चिंता आणि नैराश्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळतं. त्याला शरीराची कारणं आहेत, बाळंतपण, थायरॉइड, पाळी थांबतानाचे बदल. पण घरकामाची वाटणीही तितकीच मोठी. माझ्या केंद्रातल्या एक बाई तालुक्याहून दुचाकीने येतात. घरी सासूबाईंना अर्धांगवायू, मुलगी दहावीत, यजमान मुंबईला. पाचला उठून दोन वेळचं रांधून, सासूबाईंचं सगळं करून त्या निघतात. पावसात पऱ्ह्याला पाणी आलं की साकवापाशी थांबून राहावं लागतं आणि हजेरीला उशीर होतो. वर्गात शिरताना त्या हसतात. मुलांसमोर हसायलाच हवं, ते त्यांच्या कामाचा भाग आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ च्या पुस्तकात विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून दाखवलं की मनात एक असताना चेहऱ्यावर दुसरं धरून ठेवणं हे खरोखरचं श्रमाचं काम आहे आणि त्याचा थकवा येतो. शिक्षक हे काम रोज पाच-सहा तास करतात. सकाळी घरून वाईट बातमी आली तरी प्रार्थना म्हणायची, पाढे घ्यायचे, पडलेल्या पोराचा गुडघा धुवायचा.

पुरुष शिक्षकांचं दुःख वेगळ्या वाटेने बाहेर येतं. एकटेपणात दारू येते. पतपेढीची कर्जं येतात, घराचं, बहिणीच्या लग्नाचं, आईच्या ऑपरेशनचं. लोकांना शिक्षकाचा पगार दिसतो, कपाती दिसत नाहीत. ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलंय किंवा ज्यांच्या घरात हा आजार आहे, त्यांना तो पुन्हा गाठण्याची शक्यता अधिक असते. हे दुबळेपण नव्हे. मधुमेहाच्या घरातल्या माणसाला आपण दुबळा म्हणत नाही.

आणि एक ओझं आपण सगळ्यांनी मिळून शिक्षकावर ठेवलंय, आदर्शाचं. साने गुरुजी आमच्या जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० अंमळनेरच्या शाळेत त्यांनी शिकवलं, वसतिगृहातल्या मुलांची आईसारखी सेवा केली. महाराष्ट्राला शिक्षक म्हटलं की आजही तेच आठवतात. २४ डिसेंबरला त्यांच्या जयंतीला आम्ही भाषणं करतो, मुलांना गोष्टी सांगतो. ११ जून १९५० ला या माणसाने स्वतःचं आयुष्य संपवलं, त्याबद्दल मात्र गप्प राहतो. सगळ्यांचे अश्रू पुसणाऱ्यालाही स्वतःचं दुःख असह्य होऊ शकतं, हे शिक्षकांच्या बैठकीत बोललं गेलं पाहिजे. 'स्वतःला विसरून मुलांसाठी झिजा' एवढंच सांगत राहिलो तर ज्याला मदत हवी तो शिक्षक ती मागायला लाजेल.

मुलांसाठी म्हणूनही हे बोलायला हवं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या इव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायशल यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, त्यांनी तपासलं. ज्या वर्गांच्या शिक्षकांनी अधिक बर्नआउट सांगितलं, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. शिक्षकाचा ताण मुलांत उतरतो की अवघड वर्गामुळे शिक्षक थकतो, हे त्या अभ्यासाने ठरत नाही. बहुधा दोन्ही होत असावं. पण वर्गात बसलेल्या सगळ्यांची तब्येत एकमेकांत गुंतलेली आहे, एवढं त्यावरून दिसतं.

तरीही उपचाराला जायचं म्हटलं की पाय अडखळतात. राज्यातल्या चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. त्याचं नाव थट्टेत इतकं घेतलं जातं की आजारी माणूस त्या रस्त्यालाही जायला घाबरतो. शिक्षकाला आणखी भीती असते. कोणी पालक बघेल, सेवापुस्तकात लागेल, मुलीचं लग्न अडेल. म्हणून रजेच्या अर्जावर ताप लिहिला जातो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दहापैकी एकाहून अधिक प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत सत्तर ते नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसं उपचाराविना होती. कायदा मात्र आता रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं २३ वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. डॉक्टर तुमची माहिती तुमच्या कार्यालयाला परस्पर सांगू शकत नाहीत.

औषधांबद्दलचे गैरसमज तर मला रोज ऐकू येतात. नैराश्यावरच्या गोळ्यांची सवय लागते असं लोक म्हणतात. सवय लागण्याचा धोका असतो तो झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांचा, म्हणून त्या चिठ्ठीशिवाय आणि फार दिवस घेऊ नयेत. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमके याच काळात लोक 'काही फरक नाही' म्हणून ती सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर ती काही महिने चालू ठेवायला सांगतात आणि बंद करायची ती हळूहळू, त्यांच्याच सल्ल्याने. सौम्य नैराश्यात नुसत्या समुपदेशनानेही गुण येतो. रेंज असेल तिथून १४४१६ लावला की टेलि-मानस ही सरकारी सेवा लागते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. हा क्रमांक आमच्या प्रत्येक शाळेच्या कार्यालयीन भिंतीवर पोषण आहाराच्या तक्त्याशेजारी लावला आहे.

सरांना तालुक्याच्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवलं. शिक्षकाला वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा साठते, ती वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, हे सरांना माहीतच नव्हतं. तशी रजा त्यांनी घेतली. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंना कामगिरीवर पाठवून वर्ग चालू ठेवले. परतल्यावर ते एसटी थांब्याच्या गावात दुसऱ्या एका सरांच्या खोलीत राहायला गेले. दोघे मिळून रांधतात, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात. माझ्या मते औषधाइतकाच गुण या खोलीचा आहे. सरांच्या गोळ्या अजून चालू आहेत, बदली अजून झालेली नाही, पण ते झोपतात.

माझ्या अधिकारात जेवढं येतं तेवढं मी बदललं आहे. संध्याकाळी सहानंतर माझ्याकडून ग्रुपवर मेसेज जात नाही, वादळ-पूर असेल तेवढा अपवाद. यू-डायसमध्ये आधीच असलेली माहिती मी शाळांना पुन्हा मागत नाही, स्वतः काढून भरते. बाकीची माहिती आठवड्यातून एकदा, एकत्र. निरंक कळवायची गरज नाही. कळवलं नाही म्हणजे निरंक असं मी धरते. महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास विषयपत्रिकेविना असतो. सुरुवातीला सगळे अवघडून बसले. मग एका बाईंनी सासूबाईंच्या आजारपणाचं सांगितलं आणि त्यांच्या शेजारच्या शाळेतल्या सरांनी पावसाळ्यापुरतं त्यांचा परिपाठ सांभाळायचं कबूल केलं. दोन शाळांमधलं अंतर पायी दहा मिनिटांचं आहे. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

माझ्या हातात नाही ते वरच्या कार्यालयाला लेखी कळवलंय. केंद्रामागे एक माहिती नोंदवणारा कर्मचारी द्या, म्हणजे दहा-बारा शाळांचं ऑनलाइन काम एका ठिकाणी होईल आणि शिक्षक सड्यावरून वर्गात येईल. द्विशिक्षकी शाळेतला एक शिक्षक दीर्घ रजेवर गेला तर पहिल्या आठवड्यातच बदली शिक्षक द्या. एकशिक्षकी झालेल्या शाळेच्या शिक्षकाला बीएलओच्या कामातून त्या काळापुरतं मोकळं करा. आणि वर्षातून एकदा जशी मुलांची आरोग्य तपासणी होते तशी शिक्षकांचीही व्हावी, तिच्यात ते नऊ प्रश्न असावेत आणि उत्तरं डॉक्टरांपाशीच राहावीत. पत्राची पोच मिळाली आहे. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या सभेत हा विषय पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी सर स्वतः बोलायला येतो म्हणालेत.